क्लॉड कोडची डॉक्टर कमांड आणि आमचं तपासणीचं पान: काही महिने वापरल्यानंतर

क्लॉड कोड हा अँथ्रोपिकचा, टर्मिनलमध्ये चालणारा आणि कोड लिहिणारा एआय एजंट. त्यात डॉक्टर नावाची तपासणीची कमांड आहे. थेट टर्मिनलवर चालवा किंवा चालू सत्रात स्लॅश लावून द्या. इन्स्टॉलेशन कुठल्या प्रकारचं, आवृत्ती कोणती, मशीनवर दोन प्रती तर नाहीत ना, सेटिंगच्या फाइलमध्ये काही चुकलंय का, एवढं ती झटकन सांगते. ब्रू डॉक्टर किंवा फ्लटर डॉक्टर (होमब्रू आणि फ्लटर या साधनांमधल्या अशाच कमांड) वापरणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. आम्ही ही कमांड आणि एमसीपी सर्व्हरची (एजंटला बाहेरच्या सिस्टिमची टूल जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी दाखवणारी कमांड काही महिने नेमाने वापरली आणि सोबत एक पान लिहीत गेलो. हा अनुभव जास्त करून त्या पानाचा आहे. कमांड चालवणं कुणालाही जमतं. समोर आलेल्या ओळीचं आपल्या प्रोजेक्टमध्ये काय करायचं, ते कुठेतरी लिहिलेलं लागतं.

दोन प्रतींचा घोळ डॉक्टर हमखास पकडते. आधी एनपीएमवरून (जावास्क्रिप्टचा पॅकेज मॅनेजर) घातलेला क्लॉड कोड तसाच राहतो, वर नेटिव्ह इन्स्टॉलर चालवला जातो, आणि पाथमध्ये (टर्मिनल ज्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधतं त्यांच्या यादीत) जी प्रत आधी सापडेल ती चालते. ‘अपडेट केलं, तरी जुनंच दिसतंय’ असं कुणी म्हणालं की आम्ही आता दुसरं काही विचारत नाही, डॉक्टरचं आउटपुट मागतो. सेटिंगमधली चूकही तशीच. ही फाइल जेसन स्वरूपात असते, आणि त्यात शेवटी एक स्वल्पविराम जास्त पडला तर चूक किरकोळ वाटते. पण एजंटने काय करायचं नाही, ते डेनाय नियम त्याच फाइलमध्ये असतात. फाइल वाचलीच गेली नाही तर नियमही गेले. म्हणून आमच्या पानावर ही नोंद सगळ्यात वर आहे.

एमसीपीची गोष्ट वेगळी. यादीत सर्व्हरच्या नावापुढे बरोबरची खूण आणि ‘कनेक्टेड’ दिसलं की माणूस निर्धास्त होतो. त्या खुणेचा अर्थ इतकाच, की सर्व्हर सुरू झाला आणि त्याने सुरुवातीच्या हस्तांदोलनाला (जोडणीच्या ओळखीच्या संदेशाला) उत्तर दिलं. त्यामागच्या टिकीट सिस्टिमचं (कामांची नोंद ठेवणारी सिस्टिम) प्रवेशाचं टोकन मुदत संपून बाद झालेलं असलं तरी खूण येऊ शकते. ४०१, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा एरर, कळतो तो प्रत्यक्ष टूल वापरल्यावर. म्हणून आम्ही एक छोटी चाचणी लिहिली: क्लॉड कोड संवादाविना चालवायचा, एका ठरावीक टिकीटचं शीर्षक विचारायचं आणि उत्तरात ते सापडतं का बघायचं.

चाचणी पास होत राहिली, टोकन संपल्यावरसुद्धा! टूल चाललं नाही म्हटल्यावर एजंटने गिट लॉग (कोडमधल्या बदलांचा इतिहास) उघडला, टिकीटचा क्रमांक शोधला आणि कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) मेसेजवरून शीर्षक सांगून मोकळा झाला. कामाच्या दृष्टीने हुशारीच म्हणायची, तपासणीच्या दृष्टीने पार निरुपयोगी. आता त्यासाठी वेगळं टिकीट ठेवलंय. त्याच्या शीर्षकात एक निरर्थक शब्द आहे आणि तो रेपोमध्ये (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) कुठेही येऊ द्यायचा नाही असा दंडक आहे. चाचणीत एजंटला तेवढं एकच टूल वापरायची परवानगी असते. असल्या तपासण्या लिहिणाऱ्यांनी ही पळवाट आधीच धरून चालावं.

उलटा प्रकारही झाला. आमचा एक अंतर्गत सर्व्हर एकाएकी जोडला जाईना. स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर चालणाऱ्या एमसीपी सर्व्हरने आउटपुटवर प्रोटोकॉलच्या मेसेजशिवाय काहीही लिहायचं नसतं. लॉग स्टँडर्ड एररवर पाठवायचा. कुणीतरी डीबगसाठी टाकलेली प्रिंटची ओळ तशीच राहिली होती. यादीत फक्त ‘जोडता आलं नाही’ दिसतं. कारण शोधायला डीबग मोड लावावा लागतो, नाहीतर एमसीपी इन्स्पेक्टर, हे असे सर्व्हर तपासायचं साधन. विंडोजवाल्यांची एक नोंद वेगळी: एनपीएक्सने (एनपीएमचं पॅकेज थेट चालवणारी कमांड) चालणाऱ्या सर्व्हरच्या आधी सीएमडी स्लॅश सी (cmd /c) लागतं. नवीन मुलांचा पहिला दिवस यातच जायचा, आता जात नाही.

पान लिहिताना मी आधी तपासण्यांच्या नावाने मथळे दिले होते. कुणी वाचेना. मग मथळ्यात लक्षणंच घातली, ‘टूल दिसतंय पण उत्तर देत नाही’ अशी, आणि प्रत्येकाखाली खरं आउटपुट, आवृत्तीसकट. आवृत्ती हवीच, कारण संदेश बदलत राहतात आणि जुन्या पानावरची ओळ शोधून सापडत नाही. कुठल्या सूचनेकडे दुर्लक्ष करायचं हेही लिहिलं पाहिजे. ब्रू डॉक्टर तर स्वतःच सांगते, की सगळं नीट चाललं असेल तर या सूचनांची चिंता करू नका. बाकी साधनं इतकी मोकळेपणाने बोलत नाहीत.

हे पान क्लॉड डॉट एमडीमध्ये (एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) चिकटवू नका. ती फाइल प्रत्येक सत्रात वाचली जाते, म्हणजे बटणाचा रंग बदलायच्या कामातही तपासणीचं पुराण कॉन्टेक्स्टमध्ये (एजंटसमोर एका वेळी असणाऱ्या मजकुरात) जागा अडवून बसतं. शिवाय आमचा एजंट ते वाचून, कुणी न सांगता, कामाआधी तपासण्या करायला लागला. @ लावून जोडलं तरी तेच, कारण तशी फाइल सुरुवातीलाच आत ओढली जाते. आम्ही फक्त पानाचा पत्ता आणि ‘टूल चाललं नाही तरच वाच’ एवढं ठेवलंय.

टिकीटची चाचणी आम्ही रोज सकाळी एकदाच चालवतो. प्रत्येक कमिटला चालवली तर मॉडेलच्या वापराचा खर्च परवडत नाही, आणि दुपारी संपलेलं प्रवेशाचं टोकन दुसऱ्या दिवशी कळलं तरी आमचं काम अडत नाही. ज्यांचं अडतं त्यांनी दोनदा चालवावी.