जुना सेट घ्यायचाय: कुरिअरने की एसटीने?

हाम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा, परवाना हातात आला की लगेच सेटचे वेध लागतात, आणि नवा एचएफ (लांब पल्ल्याचा) सेट खिशाला झेपत नाही म्हणून आपण जुन्याकडे वळतो. मग दोन वाटा दिसतात. ग्रुपवरची जाहिरात बघून यूपीआयने पैसे टाकायचे आणि कुरिअरची वाट बघायची, नाहीतर विकणाऱ्याच्या घरी जाऊन सेट उचलून आणायचा. दोन्ही करून बघितलंय. पहिलीत पाच हजार घालवलेही.

पहिली वाट वाईट नाही, हे आधी कबूल करतो. आमच्या सांगलीकडे हाम, म्हणजे हा छंद असलेले लोक, किती आणि त्यातले सेट विकायला काढणारे किती? ऑनलाइन गेलं की कोची, चेन्नई, कोलकाता, सगळीकडचा माल समोर येतो. भावही बरे मिळतात, रजा टाकावी लागत नाही.

माझं फसणं मात्र कॉलसाइनवरून, म्हणजे परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळख-अक्षरांवरून झालं. एफटी-८५७डी या सेटची जाहिरात होती, खाली एका ज्येष्ठ ओएमचं (‘ओल्ड मॅन’, हाम एकमेकांना असं म्हणतात) कॉलसाइन. मी क्यूआरझेडवर, म्हणजे कॉलसाइनवरून हामची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर पाहिलं. नाव जुळलं, गाव जुळलं, आणि मी तिथेच निर्धास्त झालो. आता हसू येतं. कॉलसाइन ही काय लपवायची गोष्ट आहे? दर दहा मिनिटांनी आपणच ते हवेत ओरडून सांगतो. ज्या पानावर मी खात्री केली, त्याच पानावरून त्या भामट्यानेही माहिती उचलली होती. ‘आणखी दोघं तयार आहेत, टोकन टाकलंत तर तुमच्यासाठी ठेवतो,’ म्हणाला. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलतंच नाव आलं, तर म्हणे मेहुण्याचं खातं आहे. पिन टाकायच्या आधी दिसणारं ते नाव हीच शेवटची पाटी असते. मी ती वाचली आणि पुढे गेलो.

मित्राकडून खऱ्या ओएमचा नंबर मिळवून फोन केला, तर त्यांनी सेट विकायलाच काढला नव्हता. त्या आठवड्यात त्यांना आलेला हा तिसरा असा फोन. वर त्यांनीच माझी माफी मागितली, तेव्हा जास्तच ओशाळलो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तोवर पैसे पुढच्या खात्यांत सरकले होते. असं काही झालंच तर तासाभरात करा, उद्यावर ढकलू नका.

तरी एसटी धरण्याचं कारण हे पैसे नव्हेत. पुढच्या वेळी पुन्हा ऑनलाइनच बघितलं, पण शहाणा होऊन. विकणाऱ्याकडे मागण्या मांडल्या: आजची तारीख लिहिलेला कागद सेटपुढे ठेवून फोटो पाठवा, व्हिडिओ कॉल करा, परवान्याची प्रत दाखवा, सात मेगाहर्ट्झवर या म्हणजे आमचे मित्र आवाज ओळखतील. विकणारे सत्तरीचे गृहस्थ. दोन गोष्टी केल्या, मग म्हणाले, ‘अहो, पस्तीस वर्षं हवेत आहे मी. तुम्हाला सेट हवाय की माझी साक्ष?’ व्यवहार मोडला. माणूस शंभर टक्के खरा होता. खऱ्या माणसाला अशी उलटतपासणी घालत बसायचं, हे मला काही जमेना.

तिसऱ्या वेळी पुण्याला गेलो. साडेचार-पाच तासांचा प्रवास, सामान फक्त एक वॉटमीटर, सेटची पॉवर मोजायला. विकणाऱ्यांकडे डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचं साधन) होता. चहा झाला, अँटेनाबद्दल तासभर गप्पा झाल्या आणि बोलता बोलताच प्रत्येक बँडवर पॉवर बघून झाली. ८५७डीच्या डिस्प्लेवर पुढेमागे पट्टे येतात, फोटोत ते कळत नाहीत. शेजारी बसून अर्धा तास सेट चालू ठेवला की कळतात. कोणी कोणाकडे पुरावा मागितला नाही. पैसे दिले आणि सेट मांडीवर घेऊन परत आलो.

अर्थात सेट कोचीत असेल तर एसटीने कसे जाणार? तेव्हा माझ्या मते मधली वाट बरी: जाहिरातीतल्या नंबरवर विसंबू नका. त्या हामचा नंबर तिसऱ्याकडून काढा, जमल्यास तिथल्याच एखाद्या ओळखीच्या हामला त्याच्या घरी चहाला पाठवा. क्यूआरझेडच्या पानावरच्या ईमेलवर लिहायलाही हरकत नाही, पण ते खातंच कोणी बळकावलं असलं तर तोही आधार गेला. आणि कोणी घाई करायला लागला की मी तरी फोन ठेवतो. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. कुरिअरने पाच-पाच सेट सुखरूप मागवलेले लोकही आहेत.

गेल्या महिन्यात पॉवर सप्लाय मीही कुरिअरनेच मागवला, पैसे आगाऊ देऊन. विकणाऱ्याचा आवाज रोज सकाळी चाळीस मीटरवर, म्हणजे त्याच सात मेगाहर्ट्झच्या बँडवर ऐकतो.