मिश्रण लाइनवरचा ईसी मीटर: कोरडा आणि ओला, दोन्ही हंगाम काढल्यानंतर

नदीच्या गोड पाण्यात बोअरचं मचूळ पाणी मिसळून शहराला द्यायचं असेल, तर मिश्रणानंतरच्या लाइनवर सतत चालणारा ईसी मीटर हवाच. ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता: क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त. दिवसातून दोनदा नमुना घेऊन हे काम होत नाही. पण नुसत्या मीटरवर भिस्त ठेवणं त्याहून वाईट, आणि हेच इथे सविस्तर सांगायचं आहे.

मांडणी साधी आहे. चार इलेक्ट्रोडचा प्रोब (पाण्यात राहून मोजणारा भाग), त्यातच तापमानाचा सेन्सर, ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल कंट्रोलरला आणि कंट्रोलरच्या हुकमावर बोअरच्या लाइनवरचा मोटर लावलेला बटरफ्लाय व्हॉल्व्ह. ईसी वाढला की व्हॉल्व्ह मिटतो, उतरला की उघडतो.

खरी गोम इथेच आहे. प्रोबवर चुन्याचा थर बसला की आकडा कमी दिसतो. पंप सुरू होताना लाइनमधली हवा प्रोबपाशी अडकली तरी कमीच दिसतो. म्हणजे नेहमीचे दोन्ही बिघाड एकाच दिशेने फसवतात: पाणी गोड आहे असं समजून कंट्रोलर बोअर आणखी उघडतो. खारेपणा वाढत असतो आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसतं.

यावर उपाय म्हणजे व्हॉल्व्हला वरची मर्यादा घालणं, आणि ती गणितातून काढणं. समजा नदीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर, बोअरचा १६०० आणि हवा आहे ६००. मग बोअरचा वाटा (६०० − २५०) ÷ (१६०० − २५०), म्हणजे सुमारे २६ टक्के. मर्यादा ३० टक्क्यांवर बांधली, तर मीटर कितीही खोटं बोलला तरी मिश्रण ६५५ च्या वर जात नाही. फक्त हे टक्के प्रवाहाचे आहेत, व्हॉल्व्हच्या उघडझापीचे नाहीत. बटरफ्लाय व्हॉल्व्ह ३० टक्के उघडला म्हणजे ३० टक्के पाणी आलं असं होत नाही. म्हणून दोन्ही लाइनवर फ्लोमीटर लागतात. बोअरचा टीडीएस बदलला की गणित नव्याने करायचं. शिवाय पंप सुरू झाल्यावर काही मिनिटं व्हॉल्व्ह जागेवर धरून ठेवायचा.

प्रोबची जागा घाईत ठरवू नका. दोन पाणी एकत्र आली तरी बरंच अंतर ती शेजारी शेजारी वाहतात. स्टॅटिक मिक्सर (पाइपच्या आत बसवलेली, पाणी घुसळणारी स्थिर पाती) नसेल तर पाइपच्या व्यासाच्या पन्नासपट अंतरही अपुरं पडू शकतं. तपासणी सोपी आहे: त्याच ठिकाणी पाइपच्या दोन्ही बाजूंनी नमुने काढा आणि हातातल्या मीटरने मोजा. आकडे जुळले नाहीत तर मिश्रण अजून झालेलं नाही. प्रोब पाइपच्या बाजूला, घड्याळातल्या ३ किंवा ९ च्या जागी बसवा. वर हवा असते, तळाला गाळ.

देखभालीत क्रम महत्त्वाचा. आधी मऊ ब्रश आणि सौम्य आम्लाने प्रोब साफ करा, साध्या पाण्याने धुवा, मग १४१३ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटरच्या द्रावणात कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा द्रावणाच्या माहीत असलेल्या आकड्याशी जुळवणं. मळक्या प्रोबचं कॅलिब्रेशन म्हणजे बिघाडावर पांघरूण घालणं. साफसफाईआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहा. त्या फरकावरूनच पुढची सफाई किती दिवसांनी करायची ते ठरतं. तापमान भरपाई (आकडा २५ अंश सेल्सिअसला आणून दाखवणं) चालू आहे का, हेही बघा. दर अंशाला ईसी सुमारे २ टक्के बदलतो, त्यामुळे भरपाई बंद असताना पाणी २५ अंशांपेक्षा १० अंशांनी थंड असेल तर चूक २० टक्क्यांच्या घरात जाते.

मीटरवर दिसणारा टीडीएस मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. ईसीला ०.५ ते ०.७ मधल्या कुठल्यातरी गुणकाने गुणून तो काढलेला असतो, आणि बायकार्बोनेटवाल्या नदीचा व क्लोराइडवाल्या बोअरचा गुणक सारखा नसतो. नियंत्रण ईसीवरच ठेवा. क्लोराइड मात्र आठवड्यातून एकदा सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने (द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजण्याच्या रीतीने) वेगळं मोजा, कारण लिटरला २५० मिलिग्रॅमच्या पुढे चव जाणवू लागते आणि हा मीटर क्लोराइड ओळखत नाही.

बोअरचा वाटा एकदम वाढवू नये. जुन्या लोखंडी पाइपांत क्लोराइड अचानक वाढलं की आतला गंजाचा थर सुटतो आणि नळाला तांबडं पाणी येतं. काही दिवसांत, टप्प्याटप्प्याने वाढवा. किनाऱ्यालगत एकच बोअर जोरात उपसण्यापेक्षा चार बोअर हळू चालवणं केव्हाही बरं. तिथे भूजलाची पातळी १ मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी हिशेबाने ४० मीटरपर्यंत वर चढू शकतं. कोरड्या हंगामात कच्च्या बोअरच्या ईसीचा आलेख हे आधी सांगतो, म्हणून प्रत्येक बोअरला नमुन्याची तोटी असू द्या.

नवा मीटर घेताना लाइन बंद न करता बॉल व्हॉल्व्हमधून बाहेर ओढता येणाराच प्रोब घ्या. जो काढायला पाणी तोडावं लागतं, तो प्रोब कुणी वेळेवर साफ करत नाही.