शंभर व्होल्टचा अॅम्प आणि माझे एक लाख चाळीस हजार

माझ्याकडे मॅग्नेपॅनचे १.७ स्पीकर आहेत. सव्वापाच फुटांहून उंच, जेमतेम दोन इंच जाड, पडद्यासारखे सपाट. त्यांच्यावर तंबोरा लागला की खोलीत कुणीतरी खरंच बसलंय असं वाटतं. पण त्यांची भूक मोठी आहे. जुन्या साठ वॅटच्या अॅम्पवर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या अॅम्प्लिफायरवर, ते नुसते कुजबुजायचे, म्हणून दोन वर्षं पैसे साठवून एक दमदार जपानी अॅम्प घ्यायचा ठरवला. जुनाच, कारण नवा परवडणारा नव्हता.

जाहिरातीत लिहिलं होतं : चार ओहमला दर चॅनेल २०० वॅट, एकहाती वापर, कधीही उघडलेला नाही. (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप; ते जितकं कमी, तितका स्पीकर अॅम्पकडून जास्त वीज ओढतो. चॅनेल म्हणजे डावी-उजवी बाजू.) विकणाऱ्या गृहस्थांच्या घरी गेलो. चहा झाला, किशोरीताईंची ध्वनिमुद्रिका लावली. आवाज सुंदर होता, ते नाकारत नाही. मी म्हटलं, "माझे स्पीकर चार ओहमचे आहेत, झेपतील ना?" ते म्हणाले, "साहेब, हा दगडालाही गायला लावेल." आणि वर सांगितलं की खाली ठेवलेली लोखंडी पेटी पॉवर कंडिशनर, म्हणजे भिंतीतली वीज स्वच्छ करून देणारं यंत्र आहे, वेगळी घेतली तर महाग पडते, तुम्हाला तशीच देतो.

खरी फसवणूक त्या बैठकीतच झाली आणि मला ती दिसली नाही. त्यांच्या घरचे स्पीकर आठ ओहमचे होते, एका वॅटला ९२ डेसिबल देणारे. माझ्या मॅग्नेपॅनचा कंपनीने दिलेला आकडा आहे २.८३ व्होल्टला ८६ डेसिबल. आठ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट, पण चार ओहमला तेवढेच व्होल्ट म्हणजे दोन वॅट. म्हणजे माझ्या स्पीकरचं वॅटमागे माप ८३ भरतं. फरक नऊ डेसिबलचा, आणि दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट लागते. तिथे जो आवाज पाच वॅटमध्ये निघत होता, त्याला माझ्या घरी चाळीस वॅट लागणार होते. ऐकून घ्यायला गेलो आणि स्वतःचे स्पीकर घरी ठेवून गेलो, ही चूक मला आजही बोचते. ते अवजड आहेत हे खरं, पण टेम्पोचं भाडं एक लाख चाळीस हजारांपुढे काय होतं?

वीस हजार यूपीआयने दिले, बाकी रोख. पावती मागितली नाही.

घरी भीमसेनजींचा मालकंस लावला. सुरुवात छान झाली. द्रुत लयीत आवाज थोडा वाढवला, डग्ग्यावर घुमारा आला आणि अॅम्पमध्ये टक् करून रिले, म्हणजे धोका दिसला की स्पीकर आपोआप तोडणारा स्विच, सुटला. शांतता. पाच मिनिटांनी परत चालू, परत टक्. तिसऱ्या दिवशी उजव्या स्पीकरच्या ट्वीटरचा, म्हणजे उंच सूर काढणाऱ्या भागाचा, फ्यूज उडाला. तेव्हा अॅम्प कपाटातून ओढून मागची बाजू पाहिली. तिथे लिहिलं होतं : १०० व्होल्ट. जपानमध्ये घरात तेवढाच दाब असतो. ती 'पॉवर कंडिशनर'ची पेटी म्हणजे २३० चे १०० करणारा साधा ट्रान्सफॉर्मर होता, तोही ५०० व्हीएचा, म्हणजे फार तर पाचशे वॅटच्या आसपास झेपणारा. दोन्ही चॅनेलचे मिळून चारशे वॅट बाहेर काढायचे, तर भिंतीतून त्याहून कितीतरी जास्त ओढावे लागतात. ही पेटी ते देणार कुठून?

बुधवार पेठेतल्या एका जुन्या जाणत्या मेकॅनिककडे नेला. त्यांनी स्पीकरऐवजी तेवढाच भार टाकणारे चार ओहमचे जाड रेझिस्टर जोडले आणि ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची लाट पडद्यावर काढणाऱ्या यंत्रावर, दाखवलं. २०० वॅटसाठी २८ व्होल्टच्या वर जायला हवं होतं, इथे १९ व्होल्टलाच लाटेची डोकी सपाट झाली, अॅम्पची ताकद तिथेच संपली. म्हणजे ९० वॅट. त्याच वेळी ट्रान्सफॉर्मरमधून १०० ऐवजी ८४ व्होल्ट येत होते.

मग झाकण काढलं. 'कधीही न उघडलेल्या' अॅम्पच्या स्क्रूंचे खाचे झिजलेले होते. डाव्या बाजूचे आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला प्रत्यक्ष वीज पुरवणारे भाग, मूळचे नव्हतेच. तिथे ५२०० आणि १९४३ या क्रमांकांच्या ट्रान्झिस्टरची जोडी बसवलेली, वर तोशिबाचं नाव, पण छपाई पुसट आणि बोटाने घासल्यावर जाणारी. मेकॅनिकनी एक काढून पकडीने फोडला. आतली चिप मसुराएवढी. शेजारी त्यांच्याकडचा जळालेला अस्सल नग फोडलेला होता, त्यातली चिप कितीतरी मोठी. पंधरा अँपियरचा म्हणून विकलेला तो तुकडा पाच अँपियरलाच धापा टाकत होता.

मी फोन केला तर त्या गृहस्थांनी सांगितलं, "तुम्ही ऐकून घेतलात." दुसऱ्या दिवशी माझा नंबर ब्लॉक आणि जाहिरात गायब. तिचा फोटो मी काढून ठेवला नव्हता. पोलीस ठाण्यात पुरावा मागितला तेव्हा माझ्याकडे फक्त वीस हजारांची नोंद होती.

ते चार नकली ट्रान्झिस्टर मी डबीत जपून ठेवलेत, फोडलेल्या तुकड्यासकट. मेकॅनिककडून चार ओहमचे रेझिस्टरही घेतलेत. पुण्यात कुणी चार ओहमच्या स्पीकरसाठी जुना अॅम्प बघायला जाणार असेल, तर रविवारी सकाळी मला सांगा. रेझिस्टर, मल्टिमीटर आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी सोबत येईन.