डक्ट टेप की गॅफर टेप?

दोन्ही कापडी, दोन्ही हातानं फाटतात. म्हणून एकीच्या जागी दुसरी सर्रास चिकटवली जाते आणि घोळ होतो.

डक्ट टेप युद्धातून आली. अमेरिकेतल्या दारूगोळा कारखान्यात काम करणाऱ्या व्हेस्टा स्टाउट यांची मुलं नौदलात होती. काडतुसांच्या खोक्यावरची कागदी पट्टी ओढली की मध्येच तुटायची; ऐन लढाईत तेवढा उशीरही जिवावर बेतणारा. १९४३ मध्ये त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहून कापडी, मजबूत पट्टी सुचवली. एका आईच्या काळजीतून आलेली ही वस्तू मला म्हणूनच जवळची वाटते. तिच्यावरचा प्लास्टिकचा थर पाणी अडवतो. फाटकी ताडपत्री, चिरलेली बादली यांना हीच लावा. १९७२ मध्ये अपोलो १७ च्या चांद्रगाडीचं तुटलेलं मडगार्डही हिच्याच जोरावर सावरलं. गरम हवा वाहून नेणाऱ्या नळीवर, म्हणजे डक्टवर, मात्र ती टिकत नाही, नाव काहीही असो.

गॅफर टेप रंगमंच आणि चित्रीकरणाची. सुती, प्रकाशात न चकाकणारी, महाग. पण निघते स्वच्छ. मी एकदा लाकडी फरशीवर वायरी डक्ट टेपनं बसवल्या. आठवड्यानं ओढली तर करडा चिकटा तसाच राहिला, तेल लावून नखानं खरवडावा लागला. तात्पुरत्या कामाला गॅफरच घ्या.