काल्पनिक राजधानीची ढाल: गरुड घ्यावा की जहाज?

कादंबरीसाठी किंवा खेळासाठी साम्राज्याची राजधानी रचायला बसलं, की तिच्या कोट ऑफ आर्म्ससाठी, म्हणजे ढालीवर काढलेल्या अधिकृत चिन्हासाठी, हात आपसूक दुतोंडी गरुडाकडे जातो. दरारा त्यात आहेच. पण गरुड सम्राटाचा; शहर कशावर जगतं, हे तो सांगत नाही.

व्हिएन्नाचं उदाहरण बघा. १४६१ मध्ये सम्राट फ्रेडरिक तिसऱ्याने शहराला दुतोंडी गरुड वापरायचा मान दिला. १९१८ मध्ये साम्राज्य गेलं आणि १९२५ मध्ये शहराने एकाच डोक्याचा गरुड घेतला. छातीवर लाल ढाल, तिच्यावर पांढरा क्रूस. क्रूस मात्र शहराचा जुनाच.

पॅरिसची मांडणी मला जास्त कामाची वाटते. खाली जहाज, सेन नदीवर मालाची ने-आण करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या शिक्क्यावरून आलेलं. वरच्या पट्ट्यात राजाची लिलीची फुलं. नेपोलियनच्या काळात त्या पट्ट्यात तीन सोनेरी मधमाश्या बसल्या, पुढे लिली परतली. जहाज आपल्या जागी तरंगतच राहिलं. तुमच्या कथेत घराणी बदलणार असतील, तर याहून सोयीची रचना नाही. जुन्या वेशीवर एक पट्टा, नव्या नाण्यावर दुसरा, आणि मधलं बंड वाचकाला न सांगता कळतं.

दोन्ही एकत्र हवं असेल तर रशियाची जुनी राजधानी सेंट पीटर्सबर्ग. लाल ढालीवर जहाजाचे दोन चंदेरी नांगर एकमेकांवर तिरपे, एक समुद्रातला आणि एक नदीतला, आणि त्यांच्यावर सोनेरी राजदंड. बंदरही आलं, राजधानीही आली! इतकं नेमकं नगरचिन्ह मी दुसरं पाहिलेलं नाही.

रंगांचं थोडक्यात: सोनेरी-चंदेरी हे धातू, बाकीचे रंग. रंगावर रंग किंवा धातूवर धातू ठेवत नाहीत, कारण लांबून आकृती ओळखू येत नाही. लाल ढालीवरचा काळा गरुड इथेच फसतो.

राजधानी कथेत दोनच प्रसंगांत येणार असेल, तर गरुड पुरे. ती कथेचं घर असेल, तर पॅरिसची रीत घ्या. आधी शहराचं पोट कशावर भरतं ते ठरवा, मीठ, खाण की नदीवरचा घाट, आणि ते ढालीच्या मध्यभागी काढा. सम्राटाचा पट्टा सगळ्यात शेवटी.