‘१९१२ ची सिंगर’ मला ३८,७०० रुपयांना पडली

आधीच सांगते, मला सल्ले नकोत. ‘एवढे पैसे मोजण्याआधी कुणाला तरी विचारायचं ना’ हे वाक्य नवऱ्याकडून, जावेकडून, शेजारच्या वहिनींकडून ऐकून कान किटलेत. सध्या जुन्या शिलाई मशिनींचं जे खूळ आलंय त्यात आणखी कुणी बुडू नये म्हणून लिहितेय. आणि हो, रागही काढायचाय.

नेहमीचे प्रकार मला ठाऊक नव्हते असं कुणी समजू नका. ‘मिलिटरीत आहे, बदली झालीय, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा’ हे आता शेंबड्या पोरालाही कळतं. सिंगरच्या मशीनमध्ये ‘रेड मर्क्युरी’ नावाचा लाखमोलाचा लाल पारा असतो म्हणणारेही भेटलेत. २००९ साली सौदी अरेबियात याच अफवेपायी जुन्या सिंगरचे भाव दोन लाख रियालपर्यंत चढले होते. मोबाइल सुईजवळ नेला आणि फोन कट झाला तर पारा खरा, अशी परीक्षा! असला कुणी दारात आला असता तर मी उंबऱ्यावरूनच वाटेला लावला असता. पण मला भेटलेला माणूस रेड मर्क्युरीवर हसणारा होता. ‘काकू, लोकांना काय काय पटतं बघा,’ म्हणाला. तिथेच माझा विश्वास बसला.

मी साताऱ्याची. ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म, हे सगळं शिवत आयुष्य गेलं. म्हणजे मशीन मला नवीन नाही, आणि म्हणूनच जास्त लाज वाटते. माझ्या आईची सिंगर होती. माहेरचं घर रिकामं करताना भावाने ती ८०० रुपयांना भंगारवाल्याला दिली, मला न विचारता. तेव्हापासून मी तसली एखादी मिळते का बघत होते. मोबाइलवर एक जाहिरात दिसली: ‘जुनी सिंगर, पूर्ण रिस्टोअर केलेली’. विक्रेता पुण्याचा. मी किंमत विचारली, तर त्याने उलट मलाच विचारलं, ‘काकू, तुमच्या घरी होती का?’

झालं. मी सगळं ओकले. हात मशीन होती, बाजूला चाक, बेडवर (मशीनच्या खालच्या सपाट पाटावर) सोनेरी स्फिंक्सची नक्षी, उजव्या कडेला मनगट टेकून टेकून रंग गेलेला, सगळं. तो ऐकत राहिला. मग मध्ये काही दिवस गप्प, आणि एक दिवस फोटो: ‘अगदी तुमच्या आईंसारखी मिळाली!’ मिळाली कसली, बनवली होती. उजव्या कडेचा रंगसुद्धा पॉलिश पेपरने घासून उडवला होता त्या हरामखोराने. विकणाऱ्याला आपल्या आठवणी कधी सांगू नका. ऑर्डरच देतो आपण त्याला.

मागितले ४२,०००, ठरले ३४,०००. घुमटाकार झाकणाची लाकडी पेटी ३,५००, टेंपो १,२००. पैकी १०,००० यूपीआयने आगाऊ, उरलेले २८,७०० रोख. रोख का दिले, विचारू नका. ‘जीएसटी लागला तर तुम्हालाच भुर्दंड काकू’ म्हणाला, आणि मला ते तेव्हा माझ्या भल्याचं वाटलं.

आणि मी काही डोळे मिटून नव्हते गेले. पुण्यात त्याच्या गोदामात स्वतः जाऊन मशीन बघितलं, चालवलं, नंबरही तपासला. सिंगरच्या नंबरांच्या याद्या कुठेही सापडतात, त्या मी वाचल्या होत्या. माझ्या मशीनचा नंबर ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा, शेवटचे आकडे ४४१७. एफ मालिका स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची, १९१० च्या दशकातली. त्याने दिलेल्या लॅमिनेट केलेल्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं १९१२ त्यात चपखल बसत होतं. आता बोला, याहून जास्त माझ्यासारखीने काय तपासायचं?

नंबर खराच होता. पण तो दुसऱ्या कुठल्या तरी मशीनचा होता. नंबर यादीत सापडला म्हणजे तुमच्या पुढ्यातलं मशीन त्या सालचं ठरत नाही. त्या नंबरशी अख्खं मशीन जुळायला हवं, ही गोष्ट यादीत कुणी लिहून ठेवत नाही.

आता तो क्षण सांगते, ज्याने माझी अजून झोप उडते. गोदामात त्याने मला मांजरपाटाचा तुकडा दिला. मी चाक फिरवलं, सरळ टीप घातली, सुंदर पडली. शेवटाला आले आणि सवयीने डावा हात पट्टीवर गेला, पट्टी वर उचलली, मशीन मागे शिवायला लागलं. ‘अरे वा, उलटी टीपपण!’ मी म्हटलं. तो म्हणाला, ‘तेव्हाचं काम बघा काकू, शंभर वर्षांनी पण चालतंय.’

१९१२ च्या घरगुती सिंगरला उलटी टीप नसते! त्या काळच्या १५ नंबरच्या मॉडेलला (मला तेच म्हणून विकलं) टाका लहान-मोठा करायला नुसता स्क्रू असायचा. मागे शिवायची पट्टी आली ती १९३० च्या दशकात. माझी आई टीप पक्की करायला कापड फिरवून घ्यायची, नाहीतर दोरे ओढून गाठ मारायची. मी गाठ न मारता दोरे तसेच सोडले की पाठीत धपाटा बसायचा. म्हणजे हे मला माहीत होतं, माझ्या पाठीला माहीत होतं, आणि तरी मी त्या पट्टीवर हात ठेवून ‘अरे वा’ म्हटलं! दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या चकतीवर ० ते ९ आकडेसुद्धा होते. तेही नंतरचं. जुन्या चकतीवर आकडे नसतात, नुसता नट.

पण माझ्या जागी कुणीही असती तरी हेच झालं असतं. आपल्याकडच्या घराघरांतल्या काळ्या मशिनी, मग नाव कुठलंही असो, बहुतेक सगळ्या सिंगरच्या १५ नंबरच्याच साच्यातल्या. गोल बॉबिन, डाव्या बाजूला तोंड असलेली बॉबिन केस, सगळं तेच. त्यावर हात बसलेल्या बाईला ती पट्टी डोळ्यांना दिसतच नाही. याच भामट्याने मला खालच्या दोऱ्याचं होडीसारखं लांब शटल असलेली २८ नंबर म्हणून काही खपवायला बघितलं असतं तर पहिल्या मिनिटात पकडला असता मी. म्हणून तर त्याने १५ नंबर निवडला.

घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत टीप सुटायला लागली. आमच्या इथल्या मशीनवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी मशीन उलटं केलं, टॉर्च मारली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, किती दिले?’ मी खोटं सांगितलं. १५,००० म्हटलं. तेवढ्यावरही त्यांनी कपाळाला हात लावला.

खऱ्या सिंगरच्या सुट्या भागांवर ‘सिमान्को’ असं कोरलेलं असतं, सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं लघुरूप, आणि सोबत भागाचा नंबर. माझ्या मशीनच्या पोटात एकाही तुकड्यावर ते नाही. पोटाला सगळा रुपेरी स्प्रे मारलेला, खाली गंज. खांबावरचा पितळी अंडाकृती बिल्ला मात्र अस्सल, कुठल्या तरी मोडीतल्या सिंगरचा, पण मूळचा दोन खिळ्यांनी बसवतात तो इथे अराल्डाइटने चिकटवलेला. काकांनी पातीने उचकटला तर खाली दुसऱ्याच बिल्ल्याची भोकं, लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली. आणि नंबर! खऱ्या मशीनला तो खांबाच्या पायथ्याशी, घासून गुळगुळीत केलेल्या उंच पट्टीवर एका ओळीत ठोकलेला असतो. माझ्याकडे सपाट जागेवर एकेक आकडा हातोडीने मारलेला, दोन्ही चौके वाकडे, आणि खाचांतसुद्धा काळा रंग. मला तो जुनेपणा वाटला होता.

‘हेड, म्हणजे स्टँडशिवायचं मशीन, लुधियानाच्या कारखान्यातलं आहे,’ काका म्हणाले. ‘मशीन वाईट नाही ताई, किंमत वाईट आहे. साडेतीन-चार हजारांचं हेड.’ उघडून टायमिंग बसवायचे ६५० घेतले. ते तेवढे सार्थकी लागले.

चकचकीत काळा रंग दिसला की मागे फिरा, एवढं तरी लक्षात ठेवा. जुनी सोनेरी नक्षी विटते, जागोजाग उडते. वर लाखेसारखा पारदर्शक थर असतो, तोही पिवळट पडलेला असतो. (त्याला स्पिरिटने पुसू नका, पांढरा पडतो. मशीनचं तेल आणि मऊ फडकं पुरे.) नव्या स्टिकरची कड नखाला लागते. नक्षी झिजलेली पण मूळची असेल ते मशीन घ्या, रंगवलेलं नको. ‘रिस्टोअर’ म्हणजे साफ करणं, तेल घालणं, वायसर-वादी बदलणं. स्प्रे मारणं म्हणजे पुरावा झाकणं.

आणि ‘दुर्मिळ’ हा शब्द ऐकलात की खिसा घट्ट धरा. क्लाइडबँकच्या त्या एका कारखान्यातून १९१३ या एका वर्षात तेरा लाखांच्या आसपास मशिनी बाहेर पडल्या. जगभर पडून आहेत. भाव चढलाय तो हॉटेलवाल्यांनी बिडाच्या स्टँडवर संगमरवर टाकून कॉफीची टेबलं केल्यामुळे. हेड काढून भंगारात, स्टँड टेबलाला. यांना काय म्हणावं!

आता पोलीस. साताऱ्यात आमच्या ठाण्यात गेले. अंमलदाराने सगळं ऐकून विचारलं, ‘मशीन मिळालं ना? शिवतंय ना?’ म्हटलं, शिवतंय. ‘मग फसवणूक कसली, मॅडम?’ मी १९१२, सिमान्को, उलटी टीप समजावून सांगायला लागले, तर शेजारचा हवालदार तोंडावर रुमाल धरून हसत होता. मग म्हणे व्यवहार पुण्यात झाला, तिथे जा. पुण्यातल्या ठाण्यात गेले तर म्हणे तुम्ही राहता साताऱ्यात, तिकडे द्या तक्रार. मी म्हटलं, दखलपात्र गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, झिरो एफआयआर कायद्यात आहे. यावर साहेब म्हणाले, ‘तो मोठ्या गुन्ह्यांसाठी.’ कुठे लिहिलंय तसं? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पूर्वीचं ४२०. ३८,७०० रुपये कमी असतील तर किती झाले की गुन्हा मोठा होतो, ते एकदा भिंतीवर लिहून तरी लावा. शेवटी एका साध्या कागदावर अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. तासभर बाकावर बसले, तो आला, आणि शिक्क्याची शाई संपली होती. हे मी बनवून सांगत नाहीये.

ज्या ॲपवर जाहिरात होती त्यांचं उत्तर: ‘व्यवहार आमच्यामार्फत झालेला नाही.’ बँक म्हणाली, १०,००० तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलेत. ग्राहक आयोगाच्या कार्यालयात पहिला प्रश्न, ‘बिल आहे का?’ लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट दाखवलं. त्या बाईंनी उलटून-पालटून बघितलं आणि विचारलं, ‘यावर दुकानाचं नाव कुठाय?’ नव्हतंच. पत्ता नाही, सही नाही, नुसता सोनेरी काठ आणि इंग्रजी.

तरी आयोगाचा रस्ता सोडू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरला फोन करा, रडत बसायचं ते नंतर. माझ्या बाजूने एकच गोष्ट आहे. व्हॉट्सॲपवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘१९१२ ओरिजिनल स्कॉटलंड, गॅरंटी.’ तेही मी नुसतं हौसेने पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून. विकणाऱ्याकडून साल, मॉडेल, किंमत लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी मशीन उलटं करून पोटाचा व्हिडिओ मागा. टाळाटाळ केली तर तिथेच विषय संपवा.

त्याला फोन केला होता मी. चिडला नाही, आवाज तितकाच गोड. ‘काकू, ६,००० वर टाका, दुसरं देतो, एकदम ओरिजिनल.’ मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर नंबर ब्लॉक.

काल भाचीच्या मोबाइलवरून बघितलं, त्याची जाहिरात पुन्हा लागलीय. या वेळी पाय मशीन, ‘१९१२, क्लाइडबँक’, ४६,०००. नंबरचा फोटो मोठा करून टाकलाय, एफपासून सगळे आकडे तेच, शेवटी ४४१७ आणि दोन्ही चौके वाकडे. माझं मशीन माझ्या घरात, आणि तोच नंबर त्याच्या गोदामात दुसऱ्या मशीनवर. स्क्रीनशॉट काढलाय, तारखेसकट. सोमवारी तो आणि हे १२-१५ किलोंचं धूड दोन्ही घेऊन ठाण्यात जाणार आहे, शिक्क्याची शाईसुद्धा मीच विकत घेतलीय. याच जाहिरातीवर कुणी आगाऊ रक्कम भरली असेल तर आपापली तक्रार द्या आणि त्यात मशीनचा हा नंबर लिहा.