स्वॅम्प सनफ्लॉवर: दुसऱ्या सीझननंतरचा अनुभव (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

सूर्यफूल म्हटलं की आपल्याला लातूर-सोलापूरकडचं शेत आठवतं, एका झाडाला एक मोठं फूल, तेलाचं पीक, काढणी झाली की विषय संपला. मी लिहितेय ते त्याचं इथलं भावंड, दरवर्षी त्याच मुळातून परत फुटणारं, हेलिअँथस अँगस्टिफोलियस, नर्सरीत स्वॅम्प सनफ्लॉवर म्हणून मिळतं. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात रॅलेजवळ राहतो, म्हणजे लाल चिकणमाती, दमट उन्हाळा, आणि हे झाड मूळचं याच पट्ट्यातलं, न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडपासून खाली फ्लोरिडा-टेक्सासपर्यंत रानात आपोआप उगवतं. मागच्या वर्षी वसंतात एक-एक गॅलनच्या कुंड्यांतली छोटी रोपं आणून कुंपणालगतच्या दिवसभर ऊन असलेल्या वाफ्यात लावली होती, आता दुसरा बहर बघून झालाय म्हणून लिहितेय, पहिल्या वर्षी लिहिलं असतं तर अर्धवट झालं असतं.

आधीच सांगते, उन्हाळाभर हे झाड काहीही करत नाही. म्हणजे वाढतं, प्रचंड वाढतं, पण नुसता अरुंद खरखरीत पाला. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला, शेजाऱ्यांची कोनफ्लॉवर आणि ब्लॅक आयड सुझन फुलून वाळायला पण लागली, आणि आमच्याकडे हिरवी भिंत. आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, "अगं, तिकडे जाऊन कडबा लावलायस का?" कारण साधं आहे, शेवंतीसारखंच याला दिवस लहान झाल्याशिवाय कळ्या धरायचं सुचतच नाही, कितीही खत घाला. उलट खत घातलं तर नुसती उंची वाढते आणि देठ लेचेपेचे होतात, मी लावताना कंपोस्ट घातलं तेवढंच, नंतर काही नाही.

मग सप्टेंबर संपता संपता कळ्या दिसतात आणि ऑक्टोबरमध्ये जे काय होतं ना, अक्षरशः पानं दिसेनाशी होतात, दोन-तीन इंचाची गर्द पिवळी फुलं, मध्ये काळपट तपकिरी टिकली, खालपासून वरपर्यंत. दसऱ्याच्या आसपास सुरुवात आणि दिवाळीच्या सुमाराला भर, आणि त्यावेळी बाकीची बाग जवळजवळ आटोपलेली असते, हाच याचा खरा फायदा. मधमाश्या, भुंगे, आणि दक्षिणेकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं, सगळे एकाच ठिकाणी. तोरणाला मात्र उपयोग नाही, तिथे झेंडूच बरा. फुलदाणीत चांगली दिसतात पण टेबलावर परागांचा सडा पडतो, टेबलक्लॉथ पांढरा नको.

आता उंची. हा मुद्दा नर्सरीच्या लेबलवर एका ओळीत संपवतात आणि इथेच लोक वैतागतात. पहिल्या वर्षी मी मुद्दाम एक रोप तसंच सोडलं आणि दुसरं जूनच्या शेवटाला निम्म्यावर छाटलं. न छाटलेलं आठ फुटांच्या घरात गेलं आणि सप्टेंबरातल्या एका वादळी पावसात जे आडवं झालं ते शेवटपर्यंत उठलं नाही, आडव्यानेच फुललं बिचारं. छाटलेलं पाच फुटांवर थांबलं, फांद्या जास्त, फुलं जास्त, काठीची गरज नाही. आपल्याकडे झेंडूचा शेंडा खुडतात त्यातलाच प्रकार, फक्त इथे हात सैल सोडून मोठी कात्री चालवायची. पण जुलैच्या मध्यानंतर हात लावू नका, मग कळ्यांना वेळच उरत नाही. यावर्षी सगळीच छाटली.

दुसरं म्हणजे पसारा. जमिनीखालून धावणारी मुळं आहेत, दुसऱ्या वसंतात मूळ झुडपापासून चांगलं लांबवर मुनवे, म्हणजे मुळातून फुटलेले नवे कोंब, आले, शेजारच्या साल्व्हियाच्या अंगावर. मार्चमध्ये खोऱ्याने उपटले, सहज निघतात, पण दरवर्षी करावं लागणार हे गृहीत धरा. छोट्या वाफ्यात लावायचं झाड नाहीये हे. निदान चार फूट रुंद जागा, आणि तीही मागच्या रांगेत, कारण खालची पानं ऑगस्टपासून पिवळी पडून गळतात आणि उघडे पाय दिसतात. पुढे जांभळे अ‍ॅस्टर आणि गुलाबी म्युली ग्रास लावलंय, दोन्ही त्याच सुमाराला भरात येतात, पाय झाकले जातात आणि पिवळ्या-जांभळ्याचं जमतंही मस्त.

नावात स्वॅम्प आहे म्हणून दलदल लागत नाही. ओल सहन करतं एवढंच, आमच्या उताराच्या खाली पाणी साचतं तिथे इतर रोपं कुजली, हे टिकलं. कोरड पडली की मात्र लगेच मान टाकतं, आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. सावलीत तर लावूच नका, नुसतं लुकडं होऊन उन्हाच्या दिशेने वाकतं. सशांनी एप्रिलमध्ये कोवळे कोंब खाल्ले, थोडे दिवस जाळी लावली की पुढे त्यांना खरखरीत पानांत रस नसतो.

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्सवाल्यांनो, हे घेऊ नका. तुमच्याकडे फुलायच्या आतच फ्रॉस्ट येऊ शकतो. मैत्रिणीकडे एडिसनला लेमन क्वीन नावाचं दुसरं बहुवर्षीय सूर्यफूल आहे, फिकट लिंबू रंगाचं, उंच तेही, पण ऑगस्टच्या शेवटीच सुरू होतं. फक्त विकत घेताना नीट बघा, लेमन क्वीन याच नावाचं एकवर्षीय सूर्यफूलही आहे, बियांची पाकिटं मिळतात ती त्याची, बहुवर्षीय हवं असेल तर रोपच घ्या, ते संकरित आणि वांझ आहे, बियांतून मिळत नाही. जागा कमी असेल तर फर्स्ट लाइट, ते विलोसारख्या पानांच्या दुसऱ्या जातीचं, चारेक फुटात आवरतं. मी पुढची खरेदी तीच करणार आहे, ड्राइव्हवेच्या कडेला.

फुलं गेल्यावर काड्या लगेच कापू नका, गोल्डफिंच बियांसाठी येतात, नवऱ्याने किचनच्या खिडकीत दुर्बीणच ठेवलीय. फेब्रुवारीत जमिनीलगत कापायचं. आणि रॅले, केरी, मॉरिसविलमधलं कुणाला हवं असेल तर मार्चमध्ये मी मुनवे काढणारच आहे, पिशवी आणि खोरं घेऊन या, खोरं नक्की आणा, आमच्या खोऱ्याचा दांडा ढिला झालाय.